बुरूड आळीचा हिरवा रंग

नगरपालिकेच्या सभागृहात आमच्या गावाच्या विकासाचा नकाशा लावला होता. दुपारी मी तो पाहायला गेलो, तेव्हा शेवंताबाई तिथे उभ्या होत्या. बुरूड आळीत त्या सुपं-टोपल्या विणतात. आमच्या घरातलं सूप त्यांच्याच हातचं. नकाशावर बोट फिरवत त्या आपली आळी शोधत होत्या. मी दाखवली. तिथे हिरवा रंग होता.

"हिरवा म्हणजे काय?" त्यांनी टेबलाशी बसलेल्या साहेबांना विचारलं.

"बाग होणार, मावशी. बाहेरचे लोक येतील, गावाचा धंदा वाढेल."

"आणि आमचा?"

"हे नुसतं प्रारूप आहे हो. अजून काहीच ठरलेलं नाही."

साहेब गोड बोलत होते, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. काहीच ठरलेलं नसताना इतक्या सफाईने रंग कोण भरतं? आणि जिथे चार पिढ्या बांबू सोलत बसल्या, ती जागा कागदावर इतकी मोकळी कशी दिसते?

शेवंताबाईंनी माझ्याकडून हरकतीचा अर्ज लिहून घेतला, खाली सावकाश सही केली आणि पोच मागितली.

"पोच कशाला? माझ्यावर विश्वास ठेवा."

"ठेवते की," त्या म्हणाल्या, "तुम्ही शिक्का मारा."

साहेबांनी नाइलाजाने ड्रॉवर उघडला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत शेवंताबाई कागदावर फुंकर घालत राहिल्या. मग त्यांनी घडी करून तो कमरेच्या पिशवीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता तुमचं घर कुठल्या रंगात आहे, ते बघून घ्या."