चार सूर खाली

मिस व्हर्ना रोज सकाळी सातला आमच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये गायच्या. तिथे आवाज छान घुमतो म्हणून. नागपूरहून शिकागोजवळच्या शॉमबर्गला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. कपड्यांची बास्केट घेऊन मी दारातच थबकले, तर मागे न बघता त्या म्हणाल्या, "आत ये, दार लाव. मशीन मात्र लावू नकोस, ते बेसूर आहे."

साठी ओलांडलेली, ताडमाड उंच, कृष्णवर्णीय बाई. नवव्या वर्षी शिकागोतल्या चर्चमध्ये गायला लागल्या आणि विशीत क्लबमध्ये सोल गाऊ लागल्या. सोल म्हणजे चर्चच्या भजनातून निघालेलं, पण माणसांच्या प्रेमाचं आणि सोसण्याचं गाणं. पुढे त्या नाटकात शिरल्या. का, तर "गाणं तीन मिनिटांत संपतं. त्या बाईचं पुढे काय झालं, ते मला सांगायचं असतं."

माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि डोळ्यांमुळे त्यांना ड्राइव्ह करता येत नव्हतं. त्यामुळे त्यांना तालमींना नेण्याचं काम आपोआपच माझ्याकडे आलं. "घरी बसून आहे असं कुणाला सांगायचं नाही," त्या मला बजावायच्या. "तालीम चालू आहे म्हणायचं."

मग त्यांच्या गळ्यात गाठ आली, ती ऑपरेशन करून काढावी लागली. गाठ साधी निघाली, पण वरचे सूर गेले ते गेलेच. बोलणंही खरखरीत झालं. वर्षभर त्या खालच्या सुरांवर मेहनत करत राहिल्या. मी एकदा म्हटलं, "आता थोडा आराम करा ना." त्या म्हणाल्या, "आवाज गेलाय. मी कुठे गेलेय?"

त्याच सुमारास एका संगीत नाटकातल्या आईच्या भूमिकेची ऑडिशन निघाली. मीच त्यांना घेऊन गेले. त्यांना बघून दिग्दर्शक अवघडला. "मिस व्हर्ना, तुमच्या अभिनयाबद्दल प्रश्नच नाही," तो म्हणाला. "पण या भूमिकेत मोठं गाणं आहे."

"म्हणून तर आले," त्या म्हणाल्या आणि पियानोवाल्याकडे वळल्या. "चार सूर खाली घ्या."

मुलाला निरोप देणाऱ्या आईचं गाणं होतं. मधेच त्यांचा आवाज फाटला. त्या थांबल्या, श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा उचलली. या वेळी ती जवळजवळ बोलल्यासारखी आली. पियानोवाल्याने वाजवता वाजवता मान खाली घातली. दिग्दर्शक हातातल्या कागदाची घडी घालू लागला. मग म्हणाला, "सोमवारी तालमीला या."

ते नाटक दोन वर्षं चाललं. प्रयोगांना आठवडाभर सुट्टी होती, तेव्हा एका रात्री झोपेतच त्या गेल्या.

चर्चमधल्या अंत्यविधीनंतर दिग्दर्शक माझ्याजवळ आला. "त्या दिवशी तूच त्यांना घेऊन आली होतीस ना?" त्याने विचारलं. "भूमिका दुसऱ्या बाईंना द्यायचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. मी मिस व्हर्नांना फोन करून तसं सांगितलंही होतं, की आता येण्याची तसदी घेऊ नका."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या सकाळी गाडीत त्या लिपस्टिक नीट करत होत्या आणि मला सारख्या म्हणत होत्या, "जरा वेगाने चालव. आपल्याला उशीर व्हायला नको."