हत्तीच्या पोटातलं बक्षीस

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधे अडवलंत तर पुढचं सांगायचा धीर मला होणार नाही. एका रविवारी सकाळी, फार तर पाऊण तासात, मी माझ्या सख्ख्या मेव्हणीचं जमत आलेलं लग्न जवळजवळ मोडलं होतं. तेही भांडून नाही. खेळ खेळून.

मी मूळचा चाळीसगावचा. नोकरीसाठी म्हैसूरला आलो, हेब्बाळच्या एका कंपनीत. तिथे माझं नाव झालं ते कामामुळे नव्हे. महिन्यातून एका शुक्रवारी दुपारी सगळ्यांना खेळवायचं काम कुणीतरी माझ्या गळ्यात घातलं, आणि ते मला इतकं आवडलं की मी स्वतःच्या पैशाने एक शिट्टी विकत घेतली. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, मुका अभिनय, काय म्हणाल ते. आमच्या विभागप्रमुखांना, चांगल्या शंभर किलोच्या माणसाला, मी पोत्यात पाय घालून उड्या मारायला लावल्या होत्या. एवढं झाल्यावर माणसाच्या डोक्यात हवा जाणार नाही?

त्यात माझं लग्न झालं म्हैसुरातल्याच मराठी घरात. सुषमाच्या घरचे लोक चार-पाच पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. विठ्ठलाची भक्ती आणि शिवणकाम, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. घरात मराठीच बोलतात. पण ते मराठी कसं? माझे सासरे, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मला म्हणायचे, "जावईबापू, स्वल्प सरकून बसा री." स्वल्प म्हणजे जरासं, री म्हणजे आपलं 'हो'. आणि दर वाक्याच्या शेवटी 'अल्वा', म्हणजे 'नाही का'. पहिल्या दोन भेटींत मी नुसता हसलो. तिसऱ्या भेटीपासून त्यांचं बोलणं सुधारायला लागलो.

सुषमा कोपराने ढोसायची. पण जावयाला बोलणार कोण? सासूबाई, म्हणजे अम्मा, माझ्याशी बोलताना वाक्य अर्धं टाकून मराठी शब्द आठवत उभ्या राहायच्या. आणि मला वाटायचं, वा, काय प्रगती आहे.

तर त्या वर्षी अप्पांची साठी होती. पूजाबिजा शनिवारी उरकली आणि रविवारी घरच्यांचं जेवण ठेवलं. त्या जेवणाला नंजनगूडचे पाहुणेही बोलावले होते. सुषमाची धाकटी बहीण भारती, तिला तिथल्या मोहनचं स्थळ आलेलं. मोहन तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला, मुलगा शांत, आपल्याच लोकांतला. भारतीला तो आवडला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. अडलं होतं ते मोहनच्या आईपाशी. या रुक्मिणीबाई फार कमी बोलत. घरात शिरल्या की आधी छत बघत, मग फरशी बघत, मग माणसं बघत. होकारही नाही, नकारही नाही. अम्मांनी तर त्यांच्यापायी आठवडाभर घर घासून काढलं होतं.

अम्मांना एकच धास्ती. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतील आणि एकमेकांकडे बघत राहतील. मी म्हणालो, "अम्मा, तुम्ही फक्त स्वयंपाकाचं बघा. माणसं माझ्यावर सोडा."

बिचाऱ्यांनी सोडली.

रविवारी दहा वाजता नंजनगूडची आठ माणसं आली. आमच्याकडची पंधरा-सोळा होती. मी गळ्यात शिट्टी अडकवून हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि नियम सांगितले. आज सगळे खेळ शुद्ध मराठीत. जो कन्नड शब्द बोलेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून गाणं म्हणायचं. माझा हेतू चांगला होता, खरंच सांगतो. पण हा नियम ऐकल्यावर जी शांतता पसरली, तशी शांतता मी फक्त दातांच्या डॉक्टरकडे अनुभवली आहे.

तरी संगीत खुर्ची झकास झाली. मोहनचे वडील आणि अप्पा शेवटच्या एका खुर्चीवर दोघंही बसले आणि दोघंही उठेनात. रुक्मिणीबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. अम्मांनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे असं पाहिलं, की मी पार विरघळलो. आता हाताशी मोठा खेळ होता. खजिना शोधायचा.

हा मी आदल्या दिवशी मेहनतीने तयार केला होता. खजिना म्हणजे एक चांदीची छोटी वाटी. तुम्हाला माहीत असेल, म्हैसुरात दसऱ्याला घरोघर बाहुल्या मांडतात. अप्पांच्या घरी त्यातली हत्तींची एक जोडी वर्षभर मधल्या खोलीतल्या कपाटावर असायची. कागदाच्या लगद्याचे, चांगले हातभर उंच, आतून पोकळ. त्यांतल्या एकाच्या पोटात मी वाटी ठेवली आणि खालून रंगीत कागद चिकटवून पोट बंद केलं. मग चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली चिठ्ठी तुळशीपाशी पाठवत होती, दुसरी अप्पांच्या शिलाई मशीनच्या खणात. तिसरी शेवटची. तिच्यात लिहिलं होतं, 'बक्षीस मधल्या खोलीत, हत्तीच्या पोटात आहे. पोट फाडल्याशिवाय हाती लागणार नाही.'

दोन संघ केले. अप्पांचा एक, मोहनचा एक. संघनायकाशिवाय कुणी मला काही विचारायचं नाही, आणि मी जास्त काही सांगणार नाही, असंही बजावलं. मग शिट्टी फुंकली आणि चहाचा कप घेऊन अंगणात जाऊन बसलो. मोठा माणूस खेळ लावून देतो आणि दूर बसून बघतो, अशी माझी समजूत होती.

तुळस झाली. मशीनचा खण झाला. दोन्ही संघ जवळजवळ एकदमच मधल्या खोलीत शिरले. मग आतून काहीच आवाज येईना. थोड्या वेळाने अप्पा एकटेच बाहेर आले. चेहरा गंभीर. हातात ती चिठ्ठी.

"जावईबापू," ते म्हणाले, "खरंच फाडायचं?"

"फाडल्याशिवाय कसं मिळणार, अप्पा?"

त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "दोन आहेत. कुठल्यात?"

"ते मी सांगितलं तर खेळ काय राहिला? एकात नाही मिळालं तर दुसरं फाडायचं."

"नवीन आहेत हो."

मला त्यांची कीव आली. कागदी हत्तीवर किती तो जीव. मी म्हणालो, अप्पा, काळजी करू नका, संध्याकाळी मी स्वतः डिंकाने चिकटवून पहिल्यासारखं करून देतो.

"डिंकानं कसं राहील? शिवावंच लागेल," ते म्हणाले, आणि मान खाली घालून आत गेले. मी मनाशी हसलो. शिंप्याला जग सुई-दोऱ्यानेच जोडलेलं दिसणार. जाताना त्यांनी कोनाड्यातली कापड कापायची मोठी कात्री उचलली, तीसुद्धा मी पाहिली. पाहून चहाचा घोट घेतला.

त्यानंतर आतून गलका सुरू झाला. हसणं, ओढाओढ, 'इकडे बघ, खाली हात घाल'. मग कुणीतरी शिंकलं. मग दुसरं कुणीतरी. मग एकदम पाच-सहा जण. खिडकीतून एक पांढरा पुंजका तरंगत बाहेर आला आणि माझ्या चहात पडला.

मी आत धावलो.

त्या खोलीत काय होतं ते सांगतो. भारतीच्या लग्नात द्यायला म्हणून, लग्न ठरायच्याही आधी, अप्पांनी स्वतःच्या हाताने दोन गाद्या शिवल्या होत्या. गावोगाव हिंडून कापूस आणलेला, समोर उभं राहून पिंजून घेतलेला, वर लाल पट्ट्यांचं जाड कापड. त्या दोन्ही गाद्या जमिनीवर उताण्या पडल्या होत्या, पोटं उभी फाडलेली. एका गादीत आमचे लोक कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते, दुसरीत नंजनगूडचे. वरून पंखा पूर्ण जोरात फिरत होता. कापूस कुठे नव्हता? मोहनच्या वडिलांच्या मिशीत होता, विठोबाच्या तसबिरीच्या चौकटीवर होता, अम्मांनी नुकत्याच आणून ठेवलेल्या कोशिंबिरीवर होता. आणि रुक्मिणीबाई पदर खोचून, मांडी घालून, गादीच्या कोपऱ्यातला कापूस मुठीमुठीने बाहेर काढत होत्या.

"हे काय चाललंय?" माझा आवाज चिरकला.

सगळे थांबले. अप्पा हातात कात्री धरून म्हणाले, "हत्तीच्या पोटात म्हणालात, अल्वा? पोट फाडलं. काही नाही हो आत."

"पण हत्ती कुठंय?"

सोळा-सतरा जणांनी एकदम कापसाने भरलेल्या मुठी माझ्यापुढे केल्या.

मी कपाटावर बोट दाखवलं. तिथे ती जोडी शांतपणे उभी होती, सोंडेवर कापूस घेऊन. अम्मांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ते आने हो."

कन्नडमध्ये हत्तीला आने म्हणतात, आणि हत्ती म्हणजे कापूस. अप्पांच्या शिवणाच्या दुकानात कापड मोजताना दिवसातून पन्नास वेळा हा शब्द बोलला जात असणार. म्हैसुरात राहून मला वर्ष होत आलं होतं, आणि हे मला ठाऊक नव्हतं. शिंप्याच्या घरात येऊन मी त्यांना कापसाचं पोट फाडायला सांगितलं होतं.

मी विचारलं, अहो, पण कुणालाच शंका आली नाही? तेव्हा कळलं, सगळ्यांनाच आली होती. मोहनला तर पक्कं वाटत होतं की काहीतरी चुकतंय. पण विचारायचं तर कन्नडमध्ये विचारावं लागणार, आणि मग गाणं म्हणावं लागणार, आणि भारतीसमोर त्याला गायचं नव्हतं. अम्मांचं म्हणणं आणखी वेगळं. त्यांना वाटलं, शुद्ध मराठीत गादीलाच हत्तीचं पोट म्हणत असतील. जावईबापू सांगतात म्हणजे तसंच असणार.

भारती दारात उभी होती. ती रडत नव्हती, पण फाटलेल्या गाद्यांवरून तिची नजर हलत नव्हती. नुसती लग्नात द्यायची वस्तू नव्हती, तिच्या बापाच्या हातचं काम होतं ते. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. जावयाला बोलायचं नाही, हे त्या घरात इतकं पक्कं, की अप्पांनी फक्त उठून पंखा बंद केला.

कापूस हळूहळू खाली बसला. सगळ्यांच्या नजरा रुक्मिणीबाईंकडे. त्या अजून तिथेच बसलेल्या. हातातला कापूस त्यांनी दोन बोटांनी ओढून पाहिला, उजेडात धरला, परत मुठीत दाबून सोडला. मग बोलल्या. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं लांब वाक्य.

"मुलीकडचे लोक वरून चांगलं दाखवतात आणि आत जुना कापूस कोंबतात. माझ्या लग्नात तसंच झालं होतं. इथे आम्ही स्वतः फाडून बघितलं. आतपर्यंत चांगलाच आहे." त्यांनी पदराने हात पुसले. "आता आणखी काय बघायचं? तारीख बघा."

अम्मा तिथेच खाली बसल्या. भारती आत पळाली. मोहनने शिंकायचं निमित्त करून तोंड रुमालात लपवलं.

जेवण दीड तास उशिरा झालं, कारण आधी सगळ्यांनी मिळून कापूस गोळा केला. अप्पा सांगत होते, बाकीचे भरत होते, मोहन आणि भारतीने कापडाची दोन टोकं धरली होती आणि सोडायला तयार नव्हते. माझी शिट्टी सुषमाने कधी काढून घेतली मला कळलंही नाही. सगळे मनसोक्त कन्नड बोलत होते आणि कुणालाही गाणं म्हणायला कुणी सांगितलं नाही. मी कपाटावरचा हत्ती उतरवला, एकट्यानेच त्याचं पोट फाडलं आणि वाटी रुक्मिणीबाईंना दिली. त्यांनी ती उलटी करून बघितली आणि पिशवीत टाकली.

लग्न नंजनगूडला झालं. खेळांचं कुणी माझ्यापुढे नावही काढलं नाही. तोवर मी शहाणा होऊन कन्नड शिकायला घेतलं होतं. दहा-बारा शब्द येत होते, त्यांतला 'हौदु' मला सगळ्यात सोयीचा वाटायचा. हौदु म्हणजे होय. नम्रपणे हौदु म्हटलं की समोरचा माणूस खूश होतो, हे मी अनुभवाने ओळखलं होतं.

लग्नात रुक्मिणीबाईंनी मला मुद्दाम बोलावून आपल्या शेजारी उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या माझी ओळख करून देत होत्या, कन्नडमध्ये, चांगली दोन-तीन वाक्यं. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे, हसायचे आणि विचारायचे, "हौदा?" मी हात जोडून, मान डोलावून सांगायचो, हौदु, हौदु. तासभर हे चाललं. झालं गेलं विसरून या बाईंनी एवढा मान द्यावा, याने मला खरोखर भरून आलं.

म्हैसूरला परतताना मी सुषमाला विचारलं, त्या माझ्याबद्दल काय सांगत होत्या गं एवढं?

सुषमाने तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते.

"सांगत होत्या, हे आमच्या सुनेचे भावोजी. मनाने अगदी चांगले, पण काहीही सांगा, यांना त्यातलं काही कळत नाही."

"आणि ते लोक काय विचारत होते?"

"विचारत होते, खरं का?"