ॲडोनिसच्या उशाशी

इटलीतल्या बोलोन्यात कालव्यावर कपडे धुणाऱ्या बायकांत ऑर्सोलिना सगळ्यांत अबोल. तिचा नवरा गास्पारे दोरखंडासाठी ताग विंचरायचा. तागाच्या धुळीनं छाती भरली आणि तो गेला. तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिनं त्याला पुसून काढलं, कललेली मान सरळ केली, धुतलेला शर्ट चढवला आणि तिसऱ्या दिवशी ती परत कालव्यावर हजर. बायका कुजबुजल्या, मग विसरल्या. ती मात्र विसरली नाही. आपल्यात काहीतरी कमी आहे, असं तिला वाटत राहिलं.

दोन वर्षांनी, सोळाशे चौपन्नच्या हिवाळ्यात, कालवा गोठला आणि धुणं बंद पडलं. ज्याचे कपडे ती धुवायची त्या फ्लोरियानो चित्रकारानं तिला बोलावलं. एका सरदाराला चित्र हवं होतं: रानडुकरानं फाडलेला ॲडोनिस आणि त्याच्यावर ओणवी होऊन रडणारी त्याची प्रेयसी, देवी व्हीनस. ॲडोनिस व्हायला पेत्रोनियो आला होता. रेशमाच्या गिरणीतला कामगार; पाणी थांबलं तशी गिरणीही थांबली होती.

व्हीनस झालेल्या ऑर्सोलिनानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"अगं, मेलाय तो," फ्लोरियानो म्हणाला. "तू तर डाग कुठे पडलाय ते बघितल्यासारखी बघतेस."

"पण मालक, ती देवी ना? मग वाचवलं का नाही त्याला?"

"नाही जमलं."

"देवीला?"

"देवीलाही."

पेत्रोनियो डोळे मिटूनच म्हणाला, "लवकर रड बाई. उघड्या अंगानं खरंच मरेन मी."

चौथ्या दिवशी शेगडीच्या उबेनं त्याला झोप लागली. तोंड किंचित उघडं राहिलं, मान एका बाजूला कलली. ऑर्सोलिनानं ती सरळ केली आणि तिला रडू कोसळलं. फ्लोरियानो भराभर रंगवत राहिला.

पुढचे सगळे दिवस असेच गेले. पेत्रोनियो आडवा झाला, की तिचे डोळे भरून यायचे. चित्र संपलं त्या दुपारी जिन्यात त्यानं तिला थांबवलं.

"माझ्याशी लग्न करशील?"

"का विचारतोस?"

"माझ्यासाठी इतकं कुणी रडलं नव्हतं."

"तुझ्यासाठी रडले की नाही, मला ठाऊक नाही."

"मग कुणासाठी?"

तिला सांगता येईना. ती तडक गास्पारेच्या बहिणीकडे, बार्तोलोमेआकडे गेली. बार्तोलोमेआ चेस्टनट सोलत बसली होती. ऑर्सोलिनानं तिला पेत्रोनियोचं सगळं सांगितलं.

"वन्सं, तुमच्या भावावर माझा जीव होता का हो?"

"मला काय विचारतेस? नांदत तू होतीस."

"म्हणूनच कळत नाही."

बार्तोलोमेआनं तिच्या हातात सुरी दिली. "रोज त्याचा शर्ट वाळवून ठेवायचीस. जीव होता की सवय होती, देव जाणे. आणि त्या पोराचं काय?"

"तो मेल्यासारखा पडतो तेव्हा आवडतो. उठून बोलायला लागला की परका वाटतो."

"मग उठलेल्याला बघ थोडे दिवस," वन्सं म्हणाल्या. "लग्न त्याच्याशी व्हायचंय."

तिनं ईस्टरपर्यंत बघितलं. पेत्रोनियो बडबड्या होता, कांदा फार खायचा, आईला घाबरायचा. चित्रातला शोक कुठेच नव्हता त्याच्यात. चित्र सरदाराच्या वाड्यात गेलं आणि त्या दोघांनी ते परत कधी पाहिलं नाही. ईस्टरनंतर तिनं होकार दिला. का दिला, हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

त्यांचा संसार एकोणीस वर्षं चालला. दोन मुली झाल्या, भांडणं झाली, एका वर्षी गिरणीत त्याची दोन बोटं गेली. त्या दिवशी तिनं जखम बांधली, त्याला रागावली, पण रडली नाही. पेत्रोनियोला ते लागलं. आठवडाभर तो फुरंगटून होता.

दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती गास्पारेच्या नावानं मेणबत्ती लावायला जायची. तिथे तिला रडू यायचं. पेत्रोनियो बरोबर असायचा. सुरुवातीची काही वर्षं तो विचारायचा, "आज कुणासाठी?" ती म्हणायची, "थांब, अजून बघतेय." पुढे त्यानं विचारणं सोडलं आणि तिची टोपली तो आपल्या हातात घ्यायला लागला.