कोऱ्या नळीतलं माणूस

“ऐकायचंय ना नक्की? नको असेल तर आत्ताच सांगा,” असं म्हणत मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या. मोठा रिपोर्ट असो की चहाची साखर संपल्याची बातमी, आधी परवानगी. ही सवय त्यांना बेटांवर लागली होती.

अंदमानातल्या बेटांवरची माणसं मुळात कुठून आली, कुणाचं कुणाशी नातं, हे त्या रक्तातून शोधायच्या. जे निघेल ते छापायच्या आधी बोटीनं परत जायच्या. तिथल्या म्हाताऱ्यांपुढे जमिनीवर बसायच्या, पुढ्यात येईल ते खायच्या आणि मगच सांगायच्या.

त्यांच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुवायचे. सातवीत शाळा सुटली, आणि लग्न झालं ते साताऱ्याकडून थेट गाझियाबादला. “मराठीत भांडायला कुणीतरी हवं,” म्हणून मॅडमनीच मला नोकरीला लावलं. उपकारच ते. पण तुम्हीही कधी कुणाच्या उपकारात राहिला असाल तर ओळखाल, त्या माणसानं दुसऱ्या कुणावर माया केली की ती आपल्याच वाट्यातून गेली असं वाटतं.

ते दुसरं कुणी म्हणजे बेटावरची एक म्हातारी. तिचा फोटो मॅडमच्या टेबलावर असायचा. “आमची आजी” म्हणायच्या तिला.

“अगं, हिच्या आईच्या आईचा माग हजारो वर्षं मागे नेता येतो!”

“हो का,” म्हणून मी बाटल्या जरा जोरातच धुवायचे. माझ्या आईच्या आईचा माग एका पिढीतच बुडालेला. आई लहानपणी जत्रेत सापडली. ज्यांना सापडली त्यांनीच वाढवली. हे कळल्यापासून आमटीत मीठ जास्त पडलं तरी सासूबाई म्हणायच्या, “बिनमुळाची ती बिनमुळाचीच.” समुद्रापलीकडच्या परक्या बाईला मूळ मिळावं, आणि मी रोज मॅडमसमोर उभी असून मला नाही!

तपासणीत दर खेपेला एक नळी कोरी ठेवतात. तिच्यात नुसतं पाणी, कुणाचंही रक्त नाही. तिच्यातून काही निघता कामा नये. एकदा निघालं.

“कोऱ्या नळीत माणूस सापडलंय,” मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच परवानगी न मागता.

म्हणजे आमच्यापैकीच कुणाचा तरी अंश त्यात पडला होता, आणि बेटाचं सगळं काम संशयात. कोण ते शोधायला सगळ्यांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. मला घाम फुटला. भांडी धुणारी मी. माझं निघालं तर घरी बसावं लागेल. आणि खरं सांगू, माझंच निघावं असंही वाटत होतं. त्या आजीच्या शेजारी, नळीत का होईना, बसायला तेवढीच जागा मिळाली असती.

निघाल्या स्वतः मॅडम. तोंडावरची पट्टी हनुवटीवर ओढून नळ्यांवर वाकून बोलत राहायची त्यांची खोडच होती. “मॅडम, आप तो ख़ुद टापू पे बस गयीं!” आमच्या प्रयोगशाळेतले शर्माजी म्हणाले. टापू म्हणजे बेट. सगळे हसले. मॅडम सगळ्यात जास्त.

“सुटलीस गं तू,” त्या मला म्हणाल्या.

“सुटले कसली? माझी आई कुठली ते सांगा की. काडी फिरवलीत ना?”

“ते फक्त जुळवून बघायला होतं. आणि गाव नसतं गं त्यात लिहिलेलं.”

“त्या आजीला बोटीनं जाऊन सांगता. मला बसनंसुद्धा नाही.”

मॅडमनी माझ्या घरचा पत्ता लिहून घेतला.

रविवारी दुपारी त्या दिल्लीतल्या द्वारकेहून दोन बस बदलून गाझियाबादला आल्या. आमच्या खोलीत खुर्ची होती, तरी खाली सतरंजीवर बसल्या. थालीपीठ खाल्लं. मग मला विचारलं, “सासूबाईंसमोर सांगू?” मी मान हलवली.

“हिची काडी पुन्हा तपासली, तरी गाव सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण हिच्या आईची, तिच्या आईची, अशी बायकांची ओळ फार जुनी आहे, याच मातीतली. त्यातली एकही आई लेकीवाचून गेलेली नाही. गेली असती तर आज ही इथे बसलीच नसती. आमच्या बेटावरच्या आजीची फांदी वेगळी, पण खोड एकच.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. आणि त्या धारेतही मनात आलं, म्हणजे शेवटी म्हातारी आलीच मध्ये!

सासूबाईंनी हातातलं ताट बाजूला ठेवलं. मग सरकत पुढे आल्या. “काय वो मॅडम, माझं बी बघा की.” आणि तिथंच आ करून बसल्या.

“तसं नाही हो आजी,” मॅडम हसल्या, “रीतसर काडी घेऊन येते पुन्हा.”

“आजी” म्हणाल्या त्या! माझ्याच घरात, माझ्याच सासूला.

‘बिनमुळाची’ हा शब्द त्यानंतर घरात ऐकू आला नाही. मॅडम त्याच वर्षी परदेशातल्या एका विद्यापीठात गेल्या, त्या परतल्या नाहीत. निघताना मला मिठी मारून रडल्या. सासूबाई मात्र पुढे कितीतरी वर्षं दारावर कुणी आलं की पदर सारखा करून विचारायच्या, “मॅडम आल्या का गं?”

“येतील,” मी म्हणायचे. मॅडम परदेशी गेल्याचं मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही. निरोपाची ती मिठी तरी माझ्या एकटीची राहू दे.