निळ्या बाणाचं पाणी

शनिवार, ९ नोव्हेंबर १९६८. जिना पुसायचा आठवडा आमचा होता. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या आमच्या घरात बिऱ्हाडं चार आणि लाकडी जिना एक. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकते. शनिवारी जिना पुसून झाला की ती पुढच्या बिऱ्हाडाच्या दाराला अडकवायची. मी मधल्या वळणावर गुडघे टेकून बसले होते, तेव्हा रत्नागिरीहून तार आली. वन्सं गेल्या... मी तार ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि उरलेल्या अकरा पायऱ्या पुसल्या. हे प्रयोगशाळेतून यायला अजून तास होता. मग पाटी खालच्या फ्राऊ केलरबाईंच्या दाराला अडकवली आणि वर येऊन बसले. त्याला आता पाच आठवडे झाले.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, सुमन लेले. लग्न केलं नाही. रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत अठरा वर्षं भूगोल शिकवला. १९५८ साली आमची जुळी झाली तेव्हा मदतीला म्हणून इथे आल्या, मुलं चालायला लागल्यावर एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायची नोकरी धरली आणि माळ्यावरची खोली भाड्याने घेतली. खोली आली तसा जिन्याचा आठवडाही आला. पहिल्याच शनिवारी त्यांनी आपलं अंगण धुवावं तशा वरून चार बादल्या ओतल्या. पाणी फ्राऊ केलरबाईंच्या दाराखालून आत गेलं आणि तळघरातल्या बटाट्यांवर ठिबकलं. बाई गाऊनवर धावत आल्या. "फ्रॉइलाइन लेले! जिना पुसतात, बुडवत नाहीत!" वन्सं वरूनच म्हणाल्या, "पुसून फक्त ओला होतो, स्वच्छ होत नाही." पण पुढच्या शनिवारी फडकं घेऊन गुडघ्यावर बसल्या. नियम पटला नाही तरी पाळायचा, हा त्यांचा स्वभाव.

१९६३ च्या वसंतात एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी पेरूला जाते आहे. एकटी. हांबुर्गहून मालवाहू बोट जाते, तीत थोडे प्रवासी घेतात." ह्यांनी चमचा खाली ठेवला. "ताई, तिकडे तुझं काय काम?"

"काम? अठरा वर्षं फळ्यावर त्या किनाऱ्याला लागून निळा बाण काढला, मधू. थंड प्रवाह. विषुववृत्तापासून आपलं मंगळूर जेवढं लांब, साधारण तेवढंच लिमा. तरी पाणी थंड, म्हणून मासे, म्हणून पक्षी, म्हणून तिथे पेंग्विन. शेकडो मुलींकडून घोकून घेतलं. मी स्वतः पाहिलं आहे का? रत्नागिरीचं कोमट पाणी तेवढं पाहिलंय."

हे म्हणाले, लोक काय म्हणतील. मी तसं काही म्हटलं नाही, पण मी त्यांची बाजू घेतली असंही नाही. मी विचारलं, "अहो वन्सं, तीन महिने जाणार, मग तुमचे जिन्याचे आठवडे कोण करणार?" आज लिहिताना लाज वाटते, पण अडचण म्हणून मला तेवढीच दिसली होती.

वन्सं तडक खाली गेल्या. मी मागोमाग. "फ्राऊ केलर, तीन महिन्यांतले माझे तीन आठवडे मी आधी करून ठेवते." युद्धातसुद्धा या घराची पाटी कधी क्रम सोडून लटकली नव्हती. बाईंनी बोटांवर आठवडे मोजले. "आल्झो... बरं, आणि तुम्ही परत नाही आलात तर?"

"तर तीन आठवडे तुमच्या फायद्याचे."

बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. पाटी सलग तीन आठवडे माळ्यावर लटकली, आणि चौथ्या आठवड्यात वन्सं गेल्या. ह्यांनी शेवटी हांबुर्गपर्यंत पोचवलं.

बोटीवरून पहिलं पत्र आलं : "इथे डेक बादल्या ओतून धुतात. केलरबाईंना सांग." दुसरं पत्र लिमाहून. तिथे त्यांनी दहा दिवस हातवारे आणि वही यांवर काढले. चौकात उभ्या साडी-ओव्हरकोटातल्या बाईला बघायला माणसं थांबत. वन्संही थांबून त्यांना बघत. शेवटी काय्याओ बंदरातल्या एका कोळ्याला वहीत पेंग्विन काढून दाखवला. नवरा कुठे आहे, असं त्याने खुणेने विचारलं. वन्संनी खुणेनेच सांगितलं, नाही, आणि बोटीत चढून बसल्या. बंदरासमोरची बेटं जवळ आली तशी आधी घाण आली, मग आवाज. खडकांवर शेकडो समुद्रसिंह एकमेकांवर ओरडत होते, "पालक-सभेसारखे." वर पक्ष्यांनी डोंगर पांढरा केलेला. आणि एका कपारीत, पाण्यापासून हातभर वर, सात पेंग्विन. बर्फाचा कण नाही. वन्संनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात समुद्रात घातला. पत्रात पुढे एकच ओळ होती : "शालिनी, हाडं दुखतील इतकं थंड आहे. बाण बरोबर होता."

परत आल्यावर दोन वर्षांनी त्या कायमच्या रत्नागिरीला गेल्या, त्याच शाळेत शिकवायला. जाताना त्यांनी मला जुना शाळेचा नकाशा दिला. "निळा बाण मी पाहिला. हा लाल तू बघ. गरम प्रवाह. पार उत्तर नॉर्वेपर्यंत जातो, ऐन हिवाळ्यात बंदरं गोठत नाहीत, असं मी शिकवते. इथून काय लांब? एकटी जा. मधूला नेलंस तर तो थंडीबद्दलच बोलेल."

मी म्हटलं, "बघू. मुलं आहेत, जिना आहे..."

"जिना आधी पुसता येतो," त्या म्हणाल्या.

तीन वर्षं नकाशा कपाटावर गुंडाळून पडला. मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र मागाहून आलं : वन्सं गेल्या त्याच्या चार दिवस आधी सातवीच्या वर्गात फळ्यावर तोच बाण काढला होता, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने खरं कशावरून म्हणून विचारल्यावर वन्संनी उजवी बाही कोपरापर्यंत वर केली होती.

पण ते पत्र नंतरचं. तार आली त्या शनिवारी ह्यांना सांगितलं, स्वयंपाक केला, मुलांना झोपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन केलरबाईंची घंटा वाजवली. "आज रविवार आहे, फ्राऊ लेले," त्या दारातूनच म्हणाल्या. "रविवारी जिना पुसत नाहीत."

"पुसायला नाही, विचारायला आले. मला फेब्रुवारीत बाहेर जायचंय. उत्तरेला. एकटीला."

त्यांनी माझ्या हातातल्या गुंडाळलेल्या नकाशाकडे पाहिलं. "किती आठवडे?"

"एक. तो मी आधी करून ठेवते."

त्यांनी स्वतःच मुठीवरची पाटी काढली आणि मला दिली. मी ती वर नेऊन आमच्या दाराला अडकवली.