सर्व्हिसिंग: आज

लिफ्ट दुरुस्त करणारे काका प्रत्येक इमारतीत एकच पालुपद लावत, "चालू आहे म्हणून गाफील राहू नका. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग कराच." मग पुढची तारीख घातलेलं स्टिकर दारावर डकवत.

फ्लूच्या लशीचा विषय निघाला की मात्र म्हणत, "मला काय धाड भरलीय?" गेल्या वर्षी आठ दिवस कण्हत अंथरुणात काढले, तरी यंदाही चालढकल सुरूच. शेवटी बायकोनं त्यांच्याच पिशवीतलं स्टिकर काढलं, त्यावर 'सर्व्हिसिंग: आज' लिहिलं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं. काका निमूट दवाखान्यात गेले.

सुई टोचताना सिस्टर ते वाचून हसली. काका ओशाळून म्हणाले, "जुनं मॉडेल आहे, सिस्टर. बंद पडल्याशिवाय मालक बघतच नाही."