सुजाताचा पहिला पास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. रेश्माला तर मुळीच नाही, आणि रेश्मा त्या दिवशी माझ्या शेजारी उभी होती. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच आहे. ॲडमिशनच्या दिवसांत स्पोर्ट्स कोट्याच्या ट्रायल्स होतात, आणि कुणाला घ्यायचं ते मीच ठरवते. तेव्हा पालकांसमोर माझं एक ठरलेलं वाक्य असतं — ‘नुसतं टॅलेंट घेऊन काय लोणचं घालायचंय? मला टीममध्ये बसणारी मुलगी हवी.’ लोक हसतात, माना डोलावतात. वाक्य खोटं नाही हो. एका नखरेल स्टारपायी अख्ख्या टीमचा चिवडा झालेला मी पाहिलाय. पण हे शहाणपण मी कुठून शिकले, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

ट्रायलच्या दिवशी मला भीती वाटते. मुलींना वाटते तशी नाही. वेगळी. गेटमधून कुठली बाई आत येतेय, ती माझ्याकडे कशी बघतेय...

थांबा, आधी सुजाताबद्दल सांगते.

मी तेव्हा ह्याच कॉलेजात शिकत होते, टीमची कॅप्टन होते. पॉइंट गार्ड — म्हणजे बॉल पुढे आणणारी, खेळ चालवणारी. त्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये माझी निवड होणार असं सगळे म्हणत होते, आणि मी ते ऐकून ऐकून खरंही मानलं होतं. तेवढ्यात ट्रायलला ही आली. विक्रोळीची. एका कारखान्याच्या वसाहतीमागे सिमेंटचं कोर्ट होतं, एकाच बाजूला रिंग, जाळी नाही. तिथे मुलांबरोबर खेळून शिकलेली. बूट कुणाचे तरी मागून आणलेले. आणि हात! बॉल तिच्या हाताला चिकटून यायचा. वॉर्मअपलाच मला कळलं. तीही बॉल पुढे आणणारीच होती. माझ्याच जागेची, आणि माझ्याहून चांगली.

चांगली म्हणजे किती? उगाच नम्रपणा नको. मी चार वर्षं घासून जे शिकले होते ते ती हसता हसता करत होती.

ट्रायलच्या आधी नळावर भेटली. तोंड धुता धुता म्हणाली, “ताई, इथं नाय झालं ना, तर बाबा बोललेत खेळ बंद. मार्कांवर मला कोण घेणार?” मी म्हटलं, “होईल गं.” असंच म्हटलं. म्हणजे तिच्यासाठी हे काय होतं, ते मला माहीत नव्हतं असं नाही. तिने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं होतं.

आमच्या सरांची पद्धत अशी — नवीन मुलीला जुन्या मुलींच्या पाचात घालायचं आणि मॅच लावायची. मला म्हणाले, “खेळ किती आहे ते मला दिसतं. तुमच्यात बसते का, ते तू सांग.” विश्वासाने म्हणाले. मी चेंजिंग रूममध्ये गेले आणि मुलींना सांगितलं —

सांगते. सांगतेच आता.

मी सांगितलं, “सर बोललेत, हिला बॉल द्यायचा नाही. बॉलशिवाय ही काय करते ते त्यांना बघायचंय.”

सर असं काहीच बोलले नव्हते. मुलींना ती एक टेस्ट वाटली. रेश्मा तेवढी म्हणाली, “बिचारी यार.” बाकी कुणी काही विचारलं नाही. का विचारलं नसेल? आम्ही सगळ्या मुलुंडच्या दोन-तीन शाळांमधून आलेल्या, एकमेकींच्या घरी जेवणाऱ्या. ही आमच्यातली नव्हती. मला फार जोर लावावाच लागला नाही. हेही कबूल करायला हवं, कारण तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं.

मॅच सुरू झाली. पहिलाच बॉल रिंगवरून उडाला आणि तो तिने उडी मारून स्वतःच घेतला. सगळं कोर्ट तिच्यासमोर मोकळं होतं. तिने काय केलं असेल? मला पास दिला. न बघता, पाठीमागून, बरोब्बर माझ्या छातीशी. इतका सुंदर पास मला त्याआधी कुणी दिला नव्हता. आणि मी तो सोडला. हात पुढे केले, बोटं ढिली सोडली आणि बॉल रेषेबाहेर जाऊ दिला. सर तिच्यावर ओरडले, “अगं, बघून दे!” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सॉरी ताई.”

पुढे कुणीच तिला बॉल दिला नाही. ती पळत राहिली, हात वर करून मागत राहिली. मग मागायची थांबली. मग जिथून मिळेल तिथून बॉल हिसकावायला लागली, आमच्याही हातातून, आणि एकटीच रिंगपर्यंत जायला लागली. बास्केटवर बास्केट. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “काय वाटतं?”

मी म्हटलं, “सर, भारी खेळते. पण पास देत नाही.”

सर मान हलवत तिच्याकडे गेले. “पोरी, हात सोन्याचे आहेत तुझे, पण तू एकटी खेळतेस,” म्हणाले. तिने बूट काढून पिशवीत घातले आणि चपला घालून गेली. पुढे कुणीतरी सांगितलं, अंधेरीला एका कंपनीत पॅकिंगला लागली. माझी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली. पेढे वाटले.

सर आता नाहीत. आमच्या जुन्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रेश्माने एकदा लिहिलं, ‘ती विक्रोळीची आठवते? सरांनी काय बेकार टेस्ट घेतली होती!’ गेलेल्या माणसावर माझं पाप ढकललेलं तसंच राहिलं आणि मी — मी त्याखाली एक हसरा चेहरा टाकला. मग रात्रभर फोन पालथा घालून ठेवला, जणू आतून कुणी हाक मारणार होतं.

ह्या वर्षीच्या ट्रायलला एक मुलगी आली, सृष्टी. पायऱ्यांवर तिची आई बसली होती. ती उठून माझ्याकडे चालत आली आणि ती येईपर्यंत मी तिला ओळखलं होतं. हिला कळलंय, सगळं कळलंय, आता ही सगळ्यांसमोर बोलणार — एवढंच डोक्यात होतं. पळून जावंसं वाटलं. खरंच, ह्या वयात.

“ओळखलंत का मॅडम? मी सुजाता.” ती हसत होती. “तुमचे सर बरोबर बोलले होते बरं का. मी कुणाला पासच देत नव्हते. तेव्हा लय राग आला, मग हळूहळू पटलं. म्हणून हिला लहानपणापासून एकच शिकवलंय, ताई. आधी पास. ती माझ्यासारखी नाय, बघा तुम्ही.”

मी बघितलं. तेच हात. तसाच चिकटून येणारा बॉल. आणि प्रत्येक वेळी, रिंग समोर मोकळी असतानाही, पोरगी मान वळवून कुणाला देता येईल ते शोधत होती. मी न राहवून ओरडले, “मार ना!” तिने पायऱ्यांकडे पाहिलं. सुजाताने मानेनेच नाही म्हटलं. बॉल दुसरीकडे गेला.

माझा असिस्टंट निखिल म्हणाला, “मॅडम, टीममध्ये मस्त बसेल, पण स्वतःचा गेम नाही हिच्यात.” आहे रे. मी बघितलाय तो. पण त्याला हे कसं सांगणार? मी तिला घेतलं. ते उपकार नव्हेत आणि भरपाई तर नव्हेच. ती त्या लायकीची आहे. सुजाता माझे दोन्ही हात धरून रडली. तेव्हा सांगता आलं असतं. तिचे हात माझ्या हातांत होते, आसपास कुणी नव्हतं. मी म्हटलं, “छान तयार केलीस हं मुलीला.”

आता ती दर शनिवारी प्रॅक्टिस बघायला येते. शुक्रवारपासूनच मला जेवण जात नाही. आज सांगेन, असं ठरवून जाते आणि तिला पायऱ्यांवर बसलेली पाहिली की शिट्टी वाजवून प्रॅक्टिस सुरू करते.

गेल्या शनिवारी सृष्टी रिंगखाली एकटी होती. समोर कुणी नाही, बाजूला कुणी नाही. मी ओरडले, “शूट!” ती “हो मॅडम” म्हणाली, आणि द्यायला कुणीच दिसेना तेव्हा तिने रेषेबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडेच बॉल फेकला. न बघता, बरोब्बर छातीशी.

मी तो झेलला. पायऱ्यांवरून सुजाताने टाळ्या वाजवल्या.